बिनतलवारीचं

वाचनालयात पुस्तक बदलायला गेले होते. माझ्या पुढे विशी-बाविशीचा एक मुलगा उभा, हेल्मेट कोपरात अडकवलेलं, नजर कपाटांवरून भिरभिरणारी. गेल्या वर्षी 'छावा' सिनेमा येऊन गेल्यापासून अशी मुलं बरीच येतात म्हणे. चांगलंच आहे, एरवी तिथे साठीच्या आतलं कुणी दिसलं की काउंटरवरचे काका आधी "पावती कुणाच्या नावावर आहे?" असं विचारतात. "ऐतिहासिक काहीतरी द्या ना, जाडजूड असलं तरी चालेल," तो म्हणाला. काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तलवारीचं देऊ की बिनतलवारीचं?" मुलगा हसला. "बिनतलवारीचं ऐतिहासिक असतं का?" काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं, "यांना विचार." माझ्यामागे रांग, एका आजींना दिवाळी अंकाचं काय झालं ते हवं होतं, त्यामुळे मी नुसतंच "असतं की" म्हणाले. तेवढ्यात काकांनी एक सहाशे पानी ठोकळा काढून त्याच्या हातात दिलाही. मुलगा खूश होऊन गेला. मी मात्र घरी येऊन भाजी चिरताना त्याच्याशी मनातल्या मनात बोलत बसले.

म्हणजे असं नाही की मला तलवारीचं वावडं आहे. दहावीच्या सुट्टीत मी 'स्वामी' वाचली आणि शेवटी अशी रडले की आईला वाटलं रिझल्टची धास्ती घेतलीय. सत्तावीस वर्षांचे माधवराव, तो क्षय, थेऊर, रमाबाईंचं सती जाणं. त्या वयात सगळंच सुंदर वाटलं होतं, अगदी चितासुद्धा. पुढे अष्टविनायकाच्या सहलीत थेऊरला गेले. चिंतामणीचं दर्शन झाल्यावर बसमधली मंडळी हारफुलं आणि चहाच्या टपरीत पांगली, मी नदीकडे रमाबाईंचं वृंदावन बघायला गेले. ऊन रणरणत होतं. दगडावर कुणीतरी वाहिलेली हिरवी काकणं होती. आणि तिथे उभं राहिल्यावर मला रमाबाईंऐवजी त्यांच्या दासींची आठवण यायला लागली. १७७२ सालच्या त्या दिवशी त्यांना नेसवलं कुणी, केस कुणी विंचरले, नंतर वाड्यावर परत गेल्यावर त्या बायका काय जेवल्या, जेवल्या का? माझ्या आवडत्या कादंबरीत याचं उत्तर मिळेना. मिळावं अशी अपेक्षाही बरोबर नव्हे, ती त्या दोघांचीच गोष्ट आहे. पण तिथून माझं वाचन हळूहळू भलतीकडे वळलं. पालखीत कोण बसलंय यापेक्षा भोई काय बोलत चाललेत ते ऐकावंसं वाटू लागलं. वयाचाही भाग असेल. चाळिशीनंतर आपलेच पाय दुखायला लागतात.

त्या मुलाला मी पहिल्यांदा दिलं असतं विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. आता, हे काही कादंबरीचं पुस्तक नाही आणि नवीन तर मुळीच नाही. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक, घरात कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार असं कळल्यावर काकांना बरोबर घेऊन निघाला. साल कुठलं, तर १८५७. पुढचं सगळं त्या एका सालामुळे झालं. ज्याला चार रुपये कमवून घरी यायचं होतं तो बंडाच्या ऐन मध्यात सापडला, झाशीला वेढा पडला तेव्हा शहरात होता. झाशी पडल्यानंतरची कत्तल, पेटलेली घरं, ग्रंथालयाची झालेली धूळधाण हे सगळं त्याने पाहिलं. लुबाडला गेला तोही एकदा नव्हे. आणि पुस्तकभर त्याला आपण फार मोठा इतिहास बघतोय याचं भान आहे असं कुठे वाटत नाही. मिळालेली दक्षिणा कमरेला कशी बांधली, रात्री कुठे झोपलो, कुणी शिधा दिला, हे तो त्याच आवाजात सांगतो ज्या आवाजात तोफांचं सांगतो. काल्पीकडच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्याला झाशीची राणी भेटते तो प्रसंग मी कितीतरी जणांना वाचून दाखवलाय. पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने चेहरा सुकलेला. हा पाणी काढून द्यायला पुढे होतो, तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढून घेते. आणि मातीच्या भांड्यातलं पाणी ओंजळीने पिते. पुतळ्यातल्या घोड्यावरच्या राणीपेक्षा ही राणी मला जास्त खरी वाटते, कारण तिला तहान लागली आहे.

गोडसे गंगेची कावड घेऊन घरी परतले. वर्षानुवर्षं गप्प बसले, मग चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास हे लिहून दिलं. वैद्यांनी ते छापलं १९०७ साली, म्हणजे लिहिणारा गेल्यावर, तेही बरेच फेरफार करून. बंडाबद्दल छापायचं म्हणजे सरकारची धास्ती होतीच. मूळ लिहिलेलं होतं तसं छापून यायला १९६६ साल उजाडलं, ते दत्तो वामन पोतदारांनी केलं. मला या उशिराची गंमत वाटते. आपण आठवणी म्हणतो तेव्हा त्या कुणाच्या तरी ट्रंकेत किती वर्षं पडून असतात!

आता कादंबऱ्यांकडे येते. नोकरीत असताना आमच्या विभागात कोलकात्याची एक बंगाली सहकारी होती. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "तुमच्या लोकांची भीती घालून आम्हाला झोपवायचे." मला आधी थट्टा वाटली. मग तिने ते अंगाईगीत गुणगुणून दाखवलं आणि अर्थ सांगितला. बाळ झोपलं, आळी शांत झाली, बर्गी देशात आले. धान तर बुलबुलांनी खाल्लं, आता सारा कशाने भरायचा? बर्गी म्हणजे आपले बारगीर. नागपूरकर रघूजी भोसल्यांचं घोडदळ १७४१ पासून दहा वर्षं बंगालवर जात राहिलं. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती त्या भीतीने खंदक खणायला घेतला, बंगालचा नवाब अलिवर्दी खानाने रघूजींचे सेनापती भास्करपंत कोल्हटकरांना बोलणीच्या मिषाने बोलावून १७४४ साली मारलं आणि अखेर १७५१ मध्ये तह होऊन चौथाई ठरली. शाळेत हे आम्ही 'बंगालवरील स्वाऱ्या' या मथळ्याखाली साडेतीन ओळींत शिकलो होतो. अटकेपार झेंडे वगैरेच्या शेजारीच. त्या दुपारी पोळी घशाखाली उतरेना, आणि गंमत म्हणजे ती मात्र अगदी निवांत जेवत होती. तिच्या लेखी ती नुसती अंगाई होती.

नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' मी त्यानंतर वाचली. आली १९९७ साली, पण अजून अनेकांना ठाऊक नाही, म्हणून माझ्यापुरती ती नवीच. हा अंताजी मराठ्यांचा हेर, बंगालमध्ये वावरणारा, आणि वीरबीर अजिबात नाही. आपली कातडी सांभाळून बातम्या पुरवणारा, चलाख, खाण्यापिण्याचा शौकीन. प्लासीपर्यंतचा सगळा काळ तो असा तिरक्या डोळ्याने बघतो. खरे पेशाने इंजिनिअर होते, ते वाचताना जाणवतं. फौज कुठल्याशा गावावरून गेली की गावातल्या धान्याचं काय झालं हा हिशोब त्यांच्या मनात चालू असतो. भाषेत जुन्या बखरीचा बाज आहे आणि त्याच बाजात खोचक विनोद. मराठीत आपण इतिहासात कायम सोसणारे किंवा जिंकणारे असतो. कुणाच्या तरी झोपेतली भीती असतो हे सांगणारं पुस्तक मला दुसरं पटकन आठवत नाही. पुढे पेशवाईच्या अखेरीची 'बखर अंतकाळाची'ही त्यांनीच लिहिली. २०२२ साली ते गेले. त्या मुलाला ठोकळा वाचून झाल्यावर ही द्यायला हवी. आधी दिली तर कदाचित चिडेल.

मराठीबाहेरच्या दोन सांगते. मॅगी ओफॅरेल यांची 'हॅम्नेट' २०२० साली आली, कोविडमध्ये, आणि ती निघाली प्लेगची गोष्ट. शेक्सपिअरचा अकरा वर्षांचा मुलगा १५९६ साली गेला, कशाने ते नोंदींत नाही. चारेक वर्षांनी बापाने जवळजवळ त्याच नावाचं नाटक लिहिलं. कादंबरीकार मात्र शेक्सपिअरचं नाव अख्ख्या पुस्तकात एकदाही घेत नाही. तो कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी बाप, शिकवणी घेणारा पोरगा. पुस्तक आहे त्याच्या बायकोचं, झाडपाल्याची औषधं करणाऱ्या ॲग्नेसचं. त्यात एक प्रकरण आहे ज्यात अलेक्झांड्रियातल्या एका माकडाच्या अंगावरची पिसू जहाजावरच्या पोऱ्याकडे, मग मांजरांत आणि उंदरांत, व्हेनिसच्या काचमण्यांच्या पेटीतून थेट स्ट्रॅटफर्डच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे कशी पोचते ते सांगितलंय. मी ते वाचताना मनगट खाजवत होते. मुलगा गेल्यावर आई त्याला शेवटची अंघोळ घालते ती पानं मात्र सलग वाचवली नाहीत. उठून गच्चीत जाऊन आले. आता त्यावर सिनेमाही निघालाय, तरी आधी पुस्तक वाचा.

दुसरी पर्सिव्हल एव्हरेट यांची 'जेम्स', २०२४ ची. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. 'हकलबेरी फिन'मधला पळून चाललेला गुलाम जिम लहानपणी आपण मराठी संक्षिप्त आवृत्त्यांतून वगैरे पाहिलेला असतो, भोळाभाबडा, भुताखेताला घाबरणारा. इथे तोच गोष्ट सांगतो. आणि कळतं की ते भोळं बोलणं त्याने पांघरलेलं आहे. रात्री झोपडीत तो पोरांची शिकवणी घेतो: गोऱ्या माणसांपुढे अडखळत कसं बोलायचं, त्यांना आपणच शहाणे आहोत असं वाटेल अशी वाक्यं कशी रचायची. हसू येतं आणि लगेच पोटात खड्डा पडतो. त्याला लिहायला पेन्सिल हवी असते. दुसरा एक गुलाम मालकाची पेन्सिल चोरून त्याला आणून देतो, बोटभर तुकडा. त्या तुकड्यासाठी त्या माणसाला फासावर लटकवतात. जेम्स तो तुकडा पुढे सगळीकडे जपतो, पाण्यातून जातानासुद्धा. दोन तलवारींची झुंज असलेली पानं मी वीस ठिकाणी वाचली असतील; त्यातली एकही मला या पेन्सिलीइतकी आठवत नाही.

आत्मचरित्रांचं जरा अवघड आहे.

कारण तिथे लिहिणारा स्वतःच पालखीत बसण्याची भीती असते. निवृत्तीनंतर खर्च करून काढलेली, मध्ये सोळा पानं रंगीत फोटो असलेली, मंत्रिमहोदयांच्या हस्ते सत्कार स्वीकारतानाची आत्मचरित्रं मी भिडेखातर वाचलेली आहेत. त्यांत बायको 'खंबीरपणे पाठीशी उभी' असते आणि मुलं 'आपापल्या क्षेत्रात स्थिरावलेली'. अशा पुस्तकात कुणालाच कधी तहान लागत नाही.

२०२२ साली फ्रेंच लेखिका ॲनी एर्नो यांना नोबेल मिळालं तेव्हा मी त्यांचं 'द इयर्स' वाचलं. आपल्याच आयुष्याची साठेक वर्षं आणि त्यात 'मी' जवळपास नाही. 'ती' आहे, 'आम्ही' आहोत. युद्धानंतरची टंचाई, रविवारची लांबलेली जेवणं, नव्या आलेल्या वस्तू, जाहिराती, गर्भपाताची भीती, सगळं एका पिढीचं म्हणून येतं. एर्नो यांच्या आईवडिलांचं नॉर्मंडीत छोटं कॅफे आणि किराणा दुकान होतं. वाचता वाचता मला सारखं फलटण आठवत होतं. बेबी कांबळे यांचंही फलटणला छोटंसं दुकानच होतं. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या, आणि नवऱ्याला कळू नये म्हणून लिहिलेलं अडगळीत लपवून ठेवायच्या, थोडीथोडकी नव्हेत तर कितीतरी वर्षं. ते लपवलेलं लिखाण म्हणजे 'जिणं आमुचं', पुस्तकरूपात १९८६ साली. तिथेही आधी महारवाडा येतो, आषाढातले देवदेव, सासुरवाशिणींचे हाल, भूक, बाबासाहेबांच्या सभेनंतरची ढवळाढवळ. बेबीताई स्वतः फार उशिरा आणि फार थोड्या. एर्नो यांची जगभर वाखाणली गेलेली ही रीत आमच्या सातारा जिल्ह्यातल्या एका दुकानाच्या गल्ल्यामागे आधीच सापडली होती, आणि तीही कुठल्या साहित्यचर्चेतून नव्हे. जिच्या वाट्याला एकटीचं असं काही आलंच नाही तिला 'आम्ही'शिवाय सांगताच आलं नसतं. हे माझं मत आहे, त्यावर माझं एका प्राध्यापक मैत्रिणीशी भांडणही झालेलं आहे.

अगदी ताजं हवं असेल तर अरुंधती रॉय यांचं 'मदर मेरी कम्स टू मी', २०२५ चं. मेरी रॉय म्हणजे केरळातल्या ख्रिस्ती बायकांना बापाच्या इस्टेटीत समान वाटा मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आणि १९८६ साली जिंकलेली बाई. कोट्टायमला नावाजलेली शाळा काढली. तीच बाई घरात मुलांवर आग पाखडायची, आणि मुलंही तिला शाळेतल्या इतरांसारखं 'मिसेस रॉय' म्हणायची. अठराव्या वर्षी मुलगी घर सोडून जाते. आई गेल्यावर मात्र अशी कोसळते की तिची तिलाच लाज वाटते. आपल्याकडे आईवर लिहायचं म्हणजे आधी डोळे पुसून बसायचं. हे पुस्तक तसं नाही आणि आईला खलनायिकाही करत नाही. आमच्या भिशीत मी यातला थोडा भाग सांगितला तेव्हा क्षणभर कुणी बोललंच नाही, मग एकीने भज्यांची ताटली पुढे सरकवत "माझी आई पण..." एवढंच म्हटलं आणि विषय बदलला.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' सुचवायला मी कचरते, कारण सगळ्यांनी ते वाचलंय असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात पाठ्यपुस्तकातला धडाच वाचलेला असतो. आजोबांना बंडानंतर फाशी झाली, त्या धसक्यातून वडिलांचं भयंकर सोवळं सुरू झालं आणि त्यापायी अख्खं घर कसं ओलंचिंब राहिलं, तिथपासून गोष्ट सुरू होते. म्हणजे विष्णुभटांनी ज्या सालात दक्षिणा शोधली त्याच सालाची झळ एका पोरीला मोरीपाशी लागलेली. नवरा धर्म बदलतो, संसार मोडतो, पुन्हा जुळतो, आणि ही बाई स्वतःची इतकी थट्टा करते की आपल्याला तिच्यावर दया दाखवायची सोयच उरत नाही.

हल्ली मी आत्याला वाचून दाखवते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला काही दिवस वाचायला मनाई केली, तेव्हापासूनची सवय. आता डोळे ठणठणीत आहेत तरी ऐकायलाच बसते. गोडसे ऐकताना ती मध्येच थांबवायची, "ते तोफांचं राहू दे, दक्षिणा किती मिळाली ते सांग." मी 'हॅम्नेट' मराठीत सांगत होते तेव्हा पिसूच्या प्रकरणावर म्हणाली, "आमच्याकडे पानशेतनंतर चिखलात काय काय निघालं होतं!" पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. ती तेव्हा नारायण पेठेत, परकरातली. मग तिला एक वही आणून दिली. म्हटलं लिही. आधी "त्यात काय लिहायचं, सगळ्यांच्याच घरात शिरलं होतं पाणी" असं म्हणाली, पण आता पंधरा-वीस पानं झालीत. पूर कसा चढला हे दोन ओळींत आहे. उरलेलं सगळं पुरानंतरचं: ओले गहू गच्चीवर वाळत घातले तरी त्यांना कसा वास राहिला, कुणाच्या आजीला माळ्यावरून कसं उतरवलं, आणि शेजारणीने मदतीच्या गडबडीत आमचं मोठं पितळी पातेलं कसं स्वतःकडे ठेवून घेतलं. शेजारणीचं नाव, आडनाव, वाडा, सगळं लिहिलंय. मी म्हटलं, "आत्या, नाव तरी बदल. त्यांची नातवंडं आहेत पुण्यात."

"मग त्यांना सांग," ती म्हणाली, "पातेलं अजून असेल तर आणून द्या, नाव खोडते."